चिकटपट्टीने लावलेला कागद

एखाद्या ठिकाणी लहान भाषेची तब्येत कशी आहे हे बघायला निघालेला माणूस आधी मान वर करतो. रस्त्यावरचा मोठा फलक, स्टेशनचं नाव, सरकारी कचेरीची पाटी. तिथे ती भाषा दिसली की त्याला बरं वाटतं. माझं म्हणणं, मान जरा खाली करा. दाराच्या काचेवर आतून चिकटपट्टीने लावलेला वहीचा अर्धा कागद शोधा. ‘दहा मिनिटांत येतो.’ ‘बेल बंद आहे, दार वाजवा.’ ‘करडं मांजर हरवलंय, शेपटीला पांढरं टोक.’ या कागदाला कोणाची मंजुरी लागत नाही, अनुदान मिळत नाही, त्याची निविदा निघत नाही. लिहिणारा घाईत असतो आणि वाचणाऱ्याला ते कळलंच पाहिजे अशी त्याची गरज असते. त्या घाईत हात ज्या भाषेत चालतो, ती भाषा त्या रस्त्यावर खरोखर नांदते आहे असं समजायला हरकत नाही.

पाट्यांवरच्या भाषांचा पद्धतशीर अभ्यास तसा अलीकडचा. कॅनडातल्या लँड्री आणि बूऱ्ही या दोघांनी १९९७ साली या सगळ्याला ‘भाषिक भूदृश्य’ अशा अर्थाचं नाव दिलं. रस्त्यांचे फलक, जाहिराती, रस्त्यांची आणि गावांची नावं, दुकानांच्या पाट्या, सरकारी इमारतींवरची अक्षरं, हे सगळं त्यात धरलं. पाटी दोन कामं करते, असं त्यांनी मांडलं. एक माहितीचं: इथे या भाषेत व्यवहार होईल. दुसरं प्रतीकाचं: या भाषेला इथे मान आहे, किंवा नाही. शाळेच्या शेवटच्या वर्गांतल्या फ्रेंचभाषक मुलांच्या उत्तरांवरून त्यांना असं दिसलं की आजूबाजूच्या पाट्यांवर फ्रेंच जितकं जास्त, तितकी ‘आपली भाषा इथे जोमात आहे’ ही मुलांची भावना पक्की. या अभ्यासाचा दाखला देताना एक घोटाळा हमखास होतो. सापडला होता तो संबंध, कारण नव्हे. आणि ठळक संबंध होता तो मुलांच्या भावनेशी. ‘पाट्या लावा, भाषा वाढेल’ असं त्यातून सिद्ध होत नाही, तरी पाट्यांसाठी पैसे मागणाऱ्या प्रत्येक अर्जात ते तसंच लिहिलेलं असतं.

आयर्लंड बघा. रस्त्यावरच्या दिशादर्शक फलकांवर गावाचं नाव वर आयरिशमध्ये तिरप्या अक्षरांत, खाली इंग्रजीत कॅपिटल अक्षरांत, अशी जोडी आयरिशभाषक पट्टे सोडले तर देशभर आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येतं असं सांगितलं. शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले ७१,९६८. आता नेदरलँड्समधला फ्रिस्लंड प्रांत घ्या. तिथे बहुसंख्य लोकांना फ्रिशियन समजतं, बहुतेकांना बोलताही येतं. पण २००६ साली सेनोझ आणि गोर्टर यांनी प्रांताच्या राजधानीतला एक बाजाररस्ता तपासला, तेव्हा पाट्यांवर डच होतं, इंग्रजीही बऱ्यापैकी होतं आणि फ्रिशियन औषधापुरतं. कारण साधं आहे. फ्रिशियन बोलणारे पुष्कळ, पण लिहिणारे थोडे. शाळेत लिहायला शिकवलं मुख्यतः डच, त्यामुळे पेन हातात आलं की डच येतं.

म्हणजे एका ठिकाणी पाट्या भरपूर आणि बोलणं कमी, दुसरीकडे बोलणं भरपूर आणि पाट्या नाहीत. नुसती टक्केवारी काढली तर दोन्हीकडे फसायला होतं. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २००३ साली भाषेचा जोम तपासायचे नऊ निकष दिले. त्यात पाट्या हा वेगळा निकष नाही. पहिला आहे तो आईबापांकडून मुलांकडे भाषा जाते की नाही हा, आणि ते कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. पण मांजर हरवल्याचा कागद पोरानेच लिहिलेला असतो, हेही खरं.

कोणती भाषा लिहिली जाते याबद्दल स्पोल्स्की आणि कूपर यांनी जेरुसलेमच्या पाट्या अभ्यासून १९९१ साली तीन अटी मांडल्या. मला त्या अजूनही सगळ्यात कामाच्या वाटतात. लिहिणारा स्वतःला येते ती भाषा लिहितो. वाचणाऱ्याला येईल असं वाटतं ती लिहितो. आणि आपली म्हणून मिरवावीशी वाटते ती लिहितो. चिकटपट्टीच्या कागदात पहिल्या दोन अटी काम करतात. सरकारी फलकात बऱ्याचदा एकटी तिसरीच, त्यातही मिरवणारा दुसराच कोणीतरी.

मोजायचं कसं

एक रस्ता पुरत नाही. तीन घ्यावेत: मुख्य बाजाररस्ता, राहत्या वस्तीतला आडरस्ता, आणि त्या भाषेची शाळा, प्रार्थनास्थळ किंवा मंडळ जिथे आहे तो. प्रत्येकी दोन-तीनशे मीटर, दोन्ही बाजू. दुकानं उघडी असताना एक फेरी आणि शटर पडल्यावर दुसरी, कारण शटरवर वेगळंच जग असतं. दाट बाजारात एवढ्या अंतरात पाट्या शेकड्यांनी निघतात. त्यामुळे ‘सगळं शहर करू’ म्हणणाऱ्याचं काम तिसऱ्या दिवशी बंद पडतं.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा प्रश्न: एक पाटी म्हणजे किती? टोकियोच्या पाट्या मोजणाऱ्या बाकहाउसने चौकट ठरवता येईल असा प्रत्येक मजकूर ही एक नोंद मानली. सेनोझ आणि गोर्टर यांनी पूर्ण दुकान ही एक नोंद धरली. फरक किती पडतो तो बघा. एका दुकानाला चौदा मजकूर आहेत. मुख्य पाटी दोन्ही भाषांत, कंपन्यांची दहा स्टिकरं फक्त मोठ्या भाषेत, आणि हाताने लिहिलेले तीन कागद लहान भाषेत. मजकूर मोजले तर लहान भाषा चौदापैकी चार ठिकाणी, म्हणजे साधारण २९ टक्के. दुकान मोजलं तर एकातलं एक, म्हणजे १०० टक्के. दुकान तेच, दिवस तोच. दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवून ‘इथे भाषा जास्त जोमात’ म्हणणाऱ्यांनी आधी हे बघितलेलं नसतं. मी मजकूर मोजण्याच्या बाजूचा आहे, फक्त प्रत्येक नोंदीपुढे दुकानाचा क्रमांक टाकावा. मग नंतर हवं तसं एकत्र करता येतं. उलट करता येत नाही.

एक्सेलमध्ये रकाने असे लागतात: नोंद क्रमांक, दुकान किंवा इमारत क्रमांक, भाषा, वरची किंवा डावीकडची भाषा कुठली, अक्षरांच्या उंचीचं प्रमाण, मजकुराचा प्रकार, कोणाची पाटी, कशावर केलेली, खाडाखोड. शेवटचे तीन रकाने लोक गाळतात आणि मग पस्तावतात.

‘कोणाची’ या रकान्यात सरकारी आणि खाजगी असे दोनच पर्याय ठेवले तर गल्लत होते. साखळी दुकानाचं पोस्टर मुख्यालयातून छापून येतं. काउंटरवरच्या माणसाने त्यातली भाषा निवडलेली नसते, आणि त्याच काउंटरवर ‘सुट्टे पैसे द्या’ हे त्याने स्वतः लिहिलेलं असतं. म्हणून तिसरा पर्याय हवा: ‘बाहेरून आलेली’. ‘कशावर’ या रकान्यात दगड, धातू, ॲक्रिलिक, फ्लेक्स, छापील कागद, हस्तलिखित अशी उतरण ठेवावी. दगडावरची भाषा पन्नास वर्षांपूर्वीची असू शकते. हस्तलिखित कागदावरची याच आठवड्यातली.

दुकानांची आणि ब्रँडची नावं हा कायमचा काटा. नाव कुठल्या भाषेतलं हे ठरवायला बसलं की दिवस जातो. ‘नाव’ असा वेगळाच शिक्का मारून ते भाषांच्या हिशेबातून बाहेर ठेवावं, नाहीतर इंग्रजी फुकट फुगते. जवळच्या नात्याच्या भाषांमध्ये, म्हणजे स्पॅनिश आणि गॅलिशियनसारख्या, एखादा शब्द दोन्हींत सारखाच असतो. तिथे ‘दोन्ही’ लिहावं, मनाने एक ठरवू नये. गाड्या, कपडे, दुकानाच्या आतल्या मालाची पाकिटं सोडून द्यावीत. भाषा पालटणाऱ्या स्क्रीनसमोर दोन पूर्ण फेऱ्या होईपर्यंत उभं राहावं आणि कुठली भाषा किती सेकंद दिसते ते लिहावं. एका फोटोवरून स्क्रीनची नोंद केली तर ती निव्वळ नशिबाची गोष्ट.

फोटो समोरून, पूर्ण चौकट येईल असा. तिरका काढला तर अक्षरांची उंची मोजता येत नाही, कारण प्रमाण फोटोवरच काढायचं असतं. एक फोटो लांबून, पाटी कुठे आहे ते कळायला. हस्तलिखित कागदांवर फोन नंबर असतात, ते साठवण्याआधी पुसून टाकावेत. पहिल्या पन्नास नोंदी दोघांनी एकमेकांना न विचारता कराव्यात आणि मग ताडून बघाव्यात. पाचापेक्षा जास्त ठिकाणी मतभेद निघाले तर नियम सैल आहेत. ते घट्ट करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि शेवटी एकच टक्केवारी काढू नये. सरकारी, दुकानाच्या मुख्य पाट्या, बाहेरून आलेल्या आणि हस्तलिखित असे चार आकडे वेगळे काढावेत. लहान भाषा सरकारी थरात भरपूर आणि हस्तलिखितात शून्य असेल तर धोरण आहे, वापर नाही. सरकारी थरात शून्य पण कागदांवर भरपूर असेल तर वापर आहे, दर्जा नाही. फक्त दुकानांच्या नावांत आणि ‘सुस्वागतम्’ छापाच्या मजकुरात असेल तर ती पर्यटकांसाठी मांडलेली आहे. कागदावर शून्य दिसलं की मात्र लगेच भाषा मेली म्हणू नये. आधी त्या भाषेत लिहायला शाळेत शिकवलं होतं का ते विचारावं, नाहीतर फ्रिस्लंडचाच गोंधळ पुन्हा होतो.

काय लिहिलंय तेही बघा

दोन भाषांची पाटी म्हणजे दोन्हींना सारखी वागणूक, असं मुळीच नाही. मेख्टिल्ड रे यांनी युगांडातल्या लीरा गावातल्या पाट्यांवरून २००४ साली चार प्रकार पाडले, आणि मजकुराच्या रकान्यात तेच वापरावेत. तोच मजकूर दोन्हींत पूर्ण. एका भाषेत पूर्ण आणि दुसरीत तुकडा. काही भाग दोन्हींत आणि काही एकेकीत वेगळा. किंवा दोन भाषांत दोन वेगळेच मजकूर.

वाचनालयाचं दार डोळ्यासमोर आणा. वर लहान भाषेत, सुबक अक्षरांत ‘वाचनालय. आपलं स्वागत आहे.’ खाली मोठ्या भाषेत तेच, आणि शिवाय वेळा, सुट्टीचे दिवस, उशिराचा दंड, ओळखपत्राचा नियम, तक्रार कोणाकडे करायची ते. हा दुसरा प्रकार, आणि सरकारी दारांवर तो उदंड. भाषांचा नुसता रकाना भरणारा इथे ‘द्विभाषिक’ लिहून पुढे जातो. प्रत्यक्षात लहान भाषेकडे नमस्कार आणि मोठ्या भाषेकडे कारभार अशी वाटणी झालेली असते. याच्या उलटंही दिसतं. एखाद्या स्थलांतरितांच्या भाषेत रस्त्यावर एकच वाक्य असतं, आणि ते ‘चोरी करताना पकडल्यास पोलिसांना बोलावू’ हे असतं. टक्केवारीत हीसुद्धा त्या भाषेची एक पाटी म्हणून जमा होते!

चौथा प्रकार, दोन भाषांत दोन वेगळे मजकूर, मला सगळ्यात बोलका वाटतो. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला दोन्ही भाषा येतात हे गृहीतच धरलेलं असतं. असा मजकूर हस्तलिखित कागदावर सापडला तर तो वेगळा काढून ठेवावा.

वर कोण, मोठं कोण

क्रम आणि आकार यांवरून कायदे होतात ते उगाच नाही. वरची, डावीकडची किंवा मधली भाषा मुख्य मानली जाते. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये असाव्यात असं ठरवलं. १९८८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती मोडीत काढली, आणि १९९३ पासून ‘फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी’ हा नियम आला. ठळकपणे म्हणजे किती, तर तेव्हा ठरलं ते असं: एकाच पाटीवर फ्रेंचला दुसऱ्या भाषेच्या किमान दुप्पट जागा आणि किमान दुप्पट मोठी अक्षरं. फूटपट्टी लावता येते, हा या नियमाचा गुण. नुसतं ‘योग्य स्थान द्यावे’ असं लिहिलेल्या नियमाचं काय होतं ते सांगायला नको.

वेल्समध्ये आकार सारखा ठेवून प्रश्न क्रमाने सोडवला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आंदोलकांनी फक्त इंग्रजीत असलेल्या फलकांना रंग फासायला सुरुवात केली. १९७२ साली सरकारने नेमलेल्या बोवेन समितीने द्विभाषिक फलकांची आणि त्यांवर वेल्श आधी ठेवण्याची शिफारस केली. आजच्या मानकांमध्ये शब्द आहेत ते असे की वेल्श मजकूर आधी वाचला जाईल अशा जागी असावा. ‘वर’ असा शब्द न घालणं शहाणपणाचं, कारण गोल किंवा आडव्या फलकावर वर म्हणजे कुठे यावरच भांडण होतं.

चुका कुठे होतात

द्विभाषिक फलक बनवताना भाषांतरापेक्षा जास्त घात होतो तो हस्तांतरात. वेल्समधल्या स्वॉन्झीचं २००८ चं उदाहरण जगभर गाजलं. जड वाहनांना बंदी असलेल्या फलकाचा इंग्रजी मजकूर ईमेलने भाषांतराला गेला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं, ते फलकावर चढलं आणि फलक रस्त्यावर उभा राहिला. त्या उत्तराचा अर्थ होता: ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम असेल तर पाठवून द्या.’ लोक याला भाषांतराची चूक म्हणून हसतात. भाषांतर झालंच नव्हतं. ईमेल उघडणारा, मांडणी करणारा, छापणारा, खांबावर बसवणारा, या साखळीत वेल्श वाचणारं एकही माणूस नव्हतं, हा खरा बिघाड. कार्डिफमध्ये २००६ साली पादचाऱ्यांच्या फलकावर इंग्रजीत ‘उजवीकडे बघा’ आणि वेल्शमध्ये ‘डावीकडे बघा’ असं होतं. त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत. भाषांतर ईमेलच्या मजकुरात न मागता ठरलेल्या फॉर्ममध्ये मागावं, ज्यात मूळ वाक्य आणि भाषांतर समोरासमोर असतील. छापण्याआधीचं प्रूफ भाषांतरकाराकडे परत जावं आणि त्याची सही व्हावी. बसवलेल्या फलकाचा फोटोही त्याच्याकडे जावा, बिल त्यानंतर निघावं. पैसे अडकले की फोटो वेळेवर येतो.

दुसरी जागा फॉन्टची. वेल्शमध्ये डब्ल्यू आणि वाय या अक्षरांवर टोपी येते, न्यूझीलंडच्या माओरीत स्वरांवर आडवी रेघ, उत्तर युरोपातल्या सामी भाषांमध्ये खास अक्षरं. फलकाच्या ठरलेल्या फॉन्टमध्ये ती नसली की चौकोन उमटतो किंवा कारागीर चिन्ह गाळून साधं अक्षर टाकतो. अरबी लिपी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं सुटी होतात आणि डावीकडून उजवीकडे उलटी बसतात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. म्हणून लहान भाषेचा मजकूर वर्ड फाइलमध्ये पाठवू नये. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार गोठवून पीडीएफ द्यावी आणि सोबत तसाच दिसायला हवा असा एक फोटो. फाइल कर्व्ह केली की मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी.

एका अक्षराने काय होतं ते २००९ साली कॅनडाच्या पंतप्रधान कार्यालयाने दाखवून दिलं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुट प्रदेशाची राजधानी इकालुइट, म्हणजे भरपूर माशांची जागा. निवेदनात ‘क्यू’च्या पुढे एक जादा ‘यू’ पडला, इंग्रजीच्या सवयीने. इनुक्टिटुट या तिथल्या भाषेत त्याचा अर्थ होतो, ढुंगण न पुसलेले लोक.

रंग, गोळ्या आणि खाडाखोड

खाडाखोडीचा रकाना का, तर पुसलेल्या पाटीवर दोन नोंदी असतात. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर फलकावरचं फ्रेंच नाव काळं केलेलं आणि कोर्सिकन तसंच ठेवलेलं दिसतं. नॉर्वेत सामी नावांच्या फलकांवर गोळ्यांची भोकं सापडली आहेत. ऑस्ट्रियाच्या कॅरिंथियात १९७२ साली जर्मन-स्लोव्हेनियन गावफलक लागले आणि जमावांनी ते उखडून नेले. ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या १९५५ च्या राज्य करारात अशा फलकांचा हक्क लिहिलेला असूनही तोडगा निघाला २०११ साली: स्लोव्हेनियन लोकसंख्या १७.५ टक्के हा आधार, आणि १६४ वस्त्यांची यादी. फिनलंडमध्ये फिनिश किंवा स्वीडिश यांपैकी जी अल्पसंख्य असेल तिचे भाषक ८ टक्के किंवा ३,००० भरले की नगरपालिका द्विभाषिक होते, आणि दर दहा वर्षांनी हे पुन्हा ठरतं. आकडा खाली गेला तरी नगरपालिका स्वतःहून द्विभाषिक राहण्याची मागणी करू शकते. ही पळवाट मला फार शहाणपणाची वाटते, कारण तरुण मुलं कामासाठी शहरात गेली म्हणून मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची पाटी काढायची नसते.

रंग फासणारे नेहमी भाषेचे शत्रूच असतात असंही नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला, आयरिशभाषक पट्ट्यातल्या डिंगलमध्ये सरकारने इंग्रजी नाव हटवून फक्त ‘अन दँगन’ ठेवलं, तेव्हा गावातल्याच लोकांनी फलकांवर ‘डिंगल’ लिहून काढलं. २००६ साली मतदान होऊन मोठ्या बहुमताने दोन्ही नावं मागितली गेली आणि २०११ साली कायदा तसा बदलला. म्हणून खाडाखोडीच्या रकान्यात नुसतं ‘हो’ लिहू नये. कुठली भाषा पुसली, वर काय लिहिलं आणि कुठल्या भाषेत, एवढं हवं.

पाचेक वर्षांनी हीच फेरी पुन्हा करावी. तोच महिना, त्याच दिशेने चालत, पहिल्या वेळच्या लांबच्या फोटोंच्या प्रती हातात घेऊन. धातूचे फलक बहुतेक जागेवर सापडतील. कागद एकही सापडणार नाही. त्याच दारावर आता काय आहे ते बघावं. नवा कागद असेल तर भाषा लिहावी, छापील स्टिकर आलं असेल तर ते लिहावं, आणि काहीच नसेल तर ‘नाही’ असं स्पष्ट लिहावं. रकाना कोरा सोडला तर काही नव्हतं की बघायचं राहिलं, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.